गिळलेलं भांडण

परक्या देशात पाऊल ठेवल्यापासून सुनेला हसायचा रोग जडला होता. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्याकडे बघून हसली, सामानाची ढकलगाडी पायावर घालणाऱ्याकडे बघून हसली, आणि ज्या ड्रायव्हरनं मोठीआईची बोटं दारात चेंगरायची तेवढी बाकी ठेवली, त्याचे तर तिनं दोनदा आभार मानले. घरी हीच बाई दात दाखवायची ती फक्त दातांच्या डॉक्टरला.

"जरा तोंड मीट," मोठीआई गाडीत म्हणाली. "लोकांना वाटेल मी सून आणलीय की टूथपेस्टची जाहिरात."

"आई, इथं तशी पद्धत आहे. सगळे हसूनच बोलतात."

"विनाकारण हसणाऱ्याला आपल्याकडे कुठं नेऊन ठेवतात, ठाऊक आहे ना?"

सून त्यावरही हसली. मोठीआईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. आणि या बाईला आपण आपली जीभ म्हणून बरोबर आणलंय!

जीभ म्हणूनच आणलं होतं. मोठीआईनं शाळेचं तोंड पाहिलं ते चार इयत्ता. पुढचं सगळं शिक्षण चुलीपुढं आणि चर्चच्या बाकावर झालं. पण भगिनी मंडळाची पुढारी तीच. मंडळीत कुणी आजारी पडलं की डबा घेऊन हजर व्हायची तीच. उशाशी बसायची, स्वतःच्या हातानं घास भरवायची आणि भरवता भरवता घरच्यांची खरडपट्टी काढायची. तिच्या सासूनं वर्षानुवर्षं अंथरूण धरलं होतं, तिला तिनं अखेरच्या घासापर्यंत हातानं भरवलं. या एका गोष्टीवर तिचा मंडळीतला सगळा मान उभा होता, आणि तो उभा आहे की नाही हे ती मधूनमधून हलवूनही बघायची.

परदेशातल्या मिशननं सेवेसाठी चारपाच माणसं बोलावली, तेव्हा पाळकसाहेबांनी उपासनेनंतर तरुणांना पुढं यायला सांगितलं. मोठीआई उभी राहिली.

"वृद्धाश्रमाचं काम आहे म्हणता, आणि पोरं पाठवता? म्हाताऱ्यांना काय फुटबॉल खेळायचाय?"

मंडळी हसली आणि तिचं नाव लागलं. भाषा येत नाही ही अडचण निघाली, तर सून होतीच. ती शाळेत तीच भाषा शिकवत होती. पाळकसाहेब आणि दोन तरुण शहराच्या दुसऱ्या टोकाला प्रार्थनागृहाचं छप्पर दुरुस्त करणार, सासूसून वृद्धाश्रमात राहणार, असं ठरलं.

वृद्धाश्रम एका गॅरेजच्या आणि लाकडाच्या वखारीच्या मधे होता. बैठी लांबलचक इमारत, आत आरसा वाटावा अशी फरशी, दोन्ही भिंतींना धरून चालायला लाकडी कठडा, आणि आवाज म्हणाल तर टाचणी पडली तर दचकावं. मेट्रनबाई दारातच उभ्या होत्या. उंच, खांदे हवालदाराचे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलायची पद्धत अशी की विळीवर भेंडी चिरतेय.

"सांग हिला," मोठीआई म्हणाली, "घर बांधलंय का शवागार? माणसाचा आवाज कुठाय?"

सून बोलली. मेट्रनबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी छातीवर हात ठेवला, मान तिरकी केली, मोठीआईच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि स्वतः आत जाऊन तिच्यासाठी पाठीला घ्यायची उशी घेऊन आल्या.

"अगं, मी शवागार म्हणाले ना?"

"हो आई."

"मग ही उशी कशाला देतेय?"

"इथल्या माणसांना खरं बोललेलं आवडतं."

मोठीआईला हे पटलं. जन्मभर ती ज्या देशाची वाट बघत होती तो हाच असावा, असंही क्षणभर वाटून गेलं.

पण देश काही तिच्या पचनी पडेना. दार वाजवल्याशिवाय कुणाच्या खोलीत जायचं नाही. कुणाच्या ताटात डोकावायचं नाही. किती मुलं, कुठं असतात, येत का नाहीत, हे विचारायचं नाही. आणि कुणी रडत बसलं असलं तर आधी विचारायचं, मी जवळ बसू का?

"रडणाऱ्याची परवानगी काढायची?" मोठीआई म्हणाली. "उद्या विहिरीत पडलेल्याला विचारा, बाबा, काढू का बाहेर, का अजून बरं वाटतंय?"

"आई, हळू."

"हळू कशाला? कुणाला कळतंय? कळायचं ते तुझ्या तोंडातून जातंय."

सून पुढच्या खोलीचं दार वाजवायला गेली. 

जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी एक म्हातारी बसायची. मूठभर जीव, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मोठीआईनं तिचं नाव टोपीवाली ठेवलं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून टोपीवालीचा उजवा हात नीट चालत नव्हता. जाड मुठीचा चमचा ती धरायची, वाडग्यात घालायची, आणि मग तो हात वर निघायचा तो असा की बैलगाडी घाट चढतेय. तोंडाशी येईतो अर्धं सूप गळ्यातल्या फडक्यावर. परत खाली, परत वर. तेवढ्यात सूपवर साय धरायची. आणि कामाच्या दोन बायका भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून हे सगळं बघत उभ्या.

"दगडाच्या आहेत का या?" मोठीआई उठली. "सर्कस चाललीय, बघतायत!"

ती टोपीवालीच्या शेजारी जाऊन बसली, तिच्या बोटांतून चमचा काढून घेतला, सूपवर फुंकर घातली आणि भरवायला लागली. टोपीवालीनं आधी डोळे मोठे केले, मग तोंड उघडलं. वाडगा बघता बघता रिकामा झाला.

मेट्रनबाई हॉलच्या त्या टोकाकडून लांब टांगा टाकत आल्या आणि बोलायला लागल्या. विळी चालू झाली. सून उठून मधे उभी राहिली. मेट्रनबाई चार वाक्यं बोलल्या, सून दहा बोलली, तीही आवाज खाली आणून. बोलताना एकदा तिनं डोळेसुद्धा टिपले. मेट्रनबाईंनी मोठीआईकडे पाहिलं. पाहता पाहता त्यांचे खांदे सैल झाले, आणि मान हलवून त्या निघून गेल्या.

"काय म्हणत होती?"

"म्हणाल्या, हिची भाची हिला घरी न्यायला तयार आहे. ही सुधारली की घेऊन जाणार. भाची बेकरीत कामाला जाते, दिवसभर घरी कुणी नसतं."

"मग सुधारेल की. पोटात गेल्याशिवाय माणूस सुधारतं का कधी? आणि तू डोळे कशाला पुसलेस?"

"धूळ गेली."

"या फरशीवर धूळ? दाखव मला. आणखी काय म्हणाली ती?"

"तुमच्या मायेचं कौतुक केलं."

मोठीआईनं पदर सावरला. कौतुक करणारी बाई एवढ्या तावातावानं येते, हे जरा नवलच होतं. पण इथं लोक आभार मानायला हसतात, आजारी माणसाला परक्यासारखं वागवतात, तर कौतुकही ओरडून करत असतील. परक्या मुलुखाच्या तऱ्हा.

त्या दिवसापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ मोठीआई टोपीवालीला भरवायची. भाकरीचा पत्ता नाही, तर पाव दुधात कुस्करून घालायची, बटाटा मऊ कालवायची. टोपीवाली चालत टेबलाशी यायची तेही तिला बघवेना. कठड्याला धरून पाऊल पाऊल येईतो जेवण गार होई. मग मोठीआई कोपऱ्यातली चाकाची खुर्ची घेऊन तिला आणायला जाऊ लागली. टोपीवालीच्या गालांवर मांस आलं. ती मोठीआईचा आवाज ऐकला की मान वळवायची.

आणि मोठीआईचा मान तर काय सांगावा! ती दिसली की कामाच्या बायका खुर्ची पुढं करायच्या. पायऱ्या चढताना कुणीतरी कोपराला धरायचं. स्वयंपाकी तिच्या बशीत मऊ मऊ तेवढं वाढायचा. मेट्रनबाई मधूनमधून येऊन काहीतरी बोलायच्या, टोपीवालीच्या हाताकडे बोट दाखवायच्या, उसासा टाकायच्या, सून काहीबाही बोलून त्यांना वाटेला लावायची आणि सासूला सांगायची, "म्हणतात, किती करता तुम्ही."

"त्याला हृदय लागतं, म्हणावं. किल्ल्यांनी नाही होत."

सून वळून बोलायची. मेट्रनबाई मोठीआईचा हात हातात घेऊन दाबायच्या.

सून मात्र वाळत चालली. नखं कुरतडायची, जेवण टाकायची. एकदा म्हणाली, "आई, आज तिला तिच्या हातानं खाऊ द्या ना. तुम्ही दमलात."

"मी दमले हे मला न विचारता तुला कसं कळलं?"

"तसं नाही, पण तिला सवय…"

"कसली सवय? खायची? ती जन्मल्यापासून आहे तिला."

सुनेनं नख दाताखाली धरलं. बोलायचं तिच्या ओठांवर आलेलं मोठीआईला दिसलं होतं. पण जो स्वतःहून तोंड उघडत नाही त्याच्या तोंडात बोटं घालून शब्द काढायची तिला सवय नव्हती.

एका रविवारी दुपारी भाची आली. अंगावर बेकरीचाच डगला, बाहीवर पीठ, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिनं मावशीचे बाहेर घालायचे बूट काढले, नवीन नाड्या ओवलेले, आणि टेबलाखाली जोडीनं ठेवले. म्हणजे घेऊन जायलाच आली होती. उपासनेसाठी सासूसुनांना न्यायला पाळकसाहेबही तेव्हाच येऊन पोचले, आणि छप्पराच्या कामानं काळवंडलेले हात मागं बांधून उभे राहिले.

मेट्रनबाईंनी स्वतः सूपचा वाडगा आणला. टेबलावर ठेवला, चमचा बाजूला ठेवला, आणि सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं. मोठीआई पुढं सरकली, तर मेट्रनबाईंनी हात आडवा केला.

टोपीवाली बसून राहिली. दोन्ही हात मांडीवर. तिनं सूपकडे पाहिलं नाही, भाचीकडे पाहिलं नाही. गर्दीतून शोधून तिनं मोठीआईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

भाची हळू आवाजात काहीतरी म्हणाली. तिनं चमचा उचलून मावशीच्या हातात दिला, बोटं मिटवली. बोटं उघडली. चमचा टेबलावर पडला, तिथून फरशीवर, आणि त्या चकाचक फरशीवर आवाज करत लांब गेला. परत दिला. परत पडला. टोपीवाली तोंड उघडं ठेवून मोठीआईकडे बघत होती, आणि आता तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, की ही बाई आज का येत नाही.

भाचीनं टेबलाखालून बूट उचलले आणि एकेक करून पिशवीत ठेवले.

तेव्हा मेट्रनबाई फुटल्या. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. बोट सरळ मोठीआईच्या छातीवर रोखलेलं, मान लाल, किल्ल्या वाजतायत. सून धावली, मधे उभी राहिली.

"काय म्हणतेय?"

"म्हणतात, आई… तुम्ही फार मायेनं केलंत, पण…"

"हे बोट मायेचं आहे?" मोठीआई म्हणाली. "बोट बघ तिचं! मी अडाणी असेन, आंधळी नाही. बाजूला हो. पाळकसाहेब, तुम्ही इकडे या."

पाळकसाहेबांना भाषा येत होती. ते आले, पण सुनेकडे बघत.

"तिच्याकडे बघू नका. ही काय म्हणाली?"

"मोठीआई, रागाच्या भरात माणूस…"

"पाळकसाहेब, तुम्ही दर रविवारी आम्हाला सांगता, खरं तेच बोला. आज रविवार आहे."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "त्या म्हणतात, मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, हिला कुणी भरवू नका. हिचा हात चालता राहिला पाहिजे. स्वतःच्या हातानं जेवली, स्वतः चालत गेली, तरच भाची हिला घरी नेऊ शकते, कारण दिवसभर घरी कुणी नसतं. हे मी रोज सांगितलं. रोज."



"रोज सांगितलं, तर मला का थांबवलं नाही? एवढी हवालदार बाई, माझा हात धरायचा होता!"

पाळकसाहेबांनी विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"त्या म्हणतात, धरणारच होते. पण तुमच्या सुनेनं सांगितलं की…"

"काय सांगितलं?"

"की तुम्ही फार आजारी आहात. थोडेच दिवस राहिलेत. मरायच्या आधी एवढी एक सेवा हातून घडावी, अशी तुमची शेवटची इच्छा आहे."

मोठीआईच्या डोळ्यांपुढून सगळं सरकत गेलं. उशी. कोपराला धरणारे हात. बशीतलं मऊ मऊ जेवण. दाबलेला हात. मान म्हणून घेतलं ते सगळं! जिवंतपणी तिच्या तिरडीला खांदा देत होती ही माणसं, आणि ती पदर सावरून मिरवत होती.

सुनेकडे तिनं पाहिलं नाही. आधी समोरचं काम.

"पाळकसाहेब, आता मी जे बोलेन ते जसंच्या तसं तिच्या कानात गेलं पाहिजे. साखर घालायची नाही. एक शब्द जरी तुम्ही चघळलात, तर घरी गेल्यावर तुमच्या प्रत्येक उपदेशाला मी पहिल्या बाकावर बसून घोरेन."

"बोला," पाळकसाहेब म्हणाले. त्यांना घाम फुटला होता.

"सांगा तिला, मी ठणठणीत आहे. मला मरायची घाई नाही. तिला असली तर तिनं खुशाल पुढं व्हावं."

मेट्रनबाईंच्या भुवया वर गेल्या. त्या काहीतरी तुटक बोलल्या.

"त्या म्हणतात, बरं झालं. मरणाऱ्या बाईवर ओरडायची लाज वाटत होती. आता वाटणार नाही."

"वाटूही नये. ओरड म्हणावं."

आणि मेट्रनबाई ओरडल्या. म्हणाल्या, तुम्ही माणसाला मदत करत नाही, त्याच्यावर मालकी सांगता. मोठीआई म्हणाली, आणि तुम्ही माणसाला सांडताना बघत उभ्या राहता, त्याला मालकी नाही, तर काय म्हणायचं? मेट्रनबाई म्हणाल्या, सांडलं तर फडकं धुता येतं. मोठीआई म्हणाली, आणि लाज? ती कुठल्या मशीनमध्ये धुता? पाळकसाहेब मधे उभे राहून या बाजूचं त्या बाजूला टाकत होते आणि दोन्ही बाजूंनी भाजत होते. एक शब्द गाळला तर मोठीआई ओठांवरून ओळखत होती.

"सांगा तिला," ती शेवटी म्हणाली, "भरवण्याची अक्कल मला शिकवू नकोस. माझ्या सासूला मी शेवटच्या घासापर्यंत भरवलं."

पाळकसाहेबांनी सांगितलं. मेट्रनबाईंनी या वेळी आवाज चढवला नाही. टोपीवालीकडे बघून त्या एवढंच बोलल्या, आणि ते मराठीत आणताना पाळकसाहेब अडखळले.

"त्या म्हणतात, तुमची सासू मरायला टेकली होती. ही घरी जायला निघाली होती."

  मोठीआई उभी होती ती खुर्चीवर बसली. टोपीवालीचं तोंड आता मिटलं होतं. भाची पिशवी पोटाशी धरून उभी होती.  भाचीनं मावशीच्या टोपीवर ओठ टेकले, हंगाम बदलला की परत येऊन बघेन, असं मेट्रनबाईंना म्हणाली आणि कुणाकडेही न बघता निघून गेली.

"विचारा हिला," मोठीआई म्हणाली, "आता काय करायचं?"

"त्या म्हणतात, तुम्ही केलंय तर तुम्हीच निस्तरा. उद्यापासून हिच्यासमोर बसायचं. ही तुमच्याकडे बघून तोंड उघडेल. तुम्ही हात मांडीखाली घालून बसायचं. हलायचं नाही. ही रडली तरी नाही."

"बसेन. आणि तिला सांगा, त्या तिच्या बायकांना भिंतीला लावून उभं करू नकोस. घास घेणाऱ्याच्या समोर कुणी पहारा देतं का? बघायचंच तर बसून बघा, आपली वाटी पुढ्यात घेऊन."

मेट्रनबाईंनी ऐकलं.  मग त्यांनी दोन खुर्च्या ओढल्या आणि टेबलाशी ठेवल्या. मोठीआईच्या पाठीमागची उशी तेवढी ओढून काढली आणि काखेत मारून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोठीआई टोपीवालीच्या समोर बसली. दोन्ही हात मांडीखाली. कामाच्या बायका आपापले वाडगे घेऊन शेजारी बसल्या. टोपीवालीनं तोंड उघडलं. मोठीआई हलली नाही. टोपीवालीनं परत तोंड उघडलं, मग टेबलावर हात आपटला, मग तिच्या भाषेत काहीतरी बोलली. ते कुणी सांगायची गरज नव्हती. शिवी कुठल्याही भाषेत शिवीच असते. मोठीआईचे हात मांडीखाली बधिर झाले. नवऱ्याच्या मयतीला तिनं डोळ्यातून पाणी काढलं नव्हतं, ते इथं एका वाडग्यापुढं आलं, आणि हात अडकलेले, म्हणून पुसताही आलं नाही. सूप गार झालं. सगळे उठून गेले तेव्हा कुठं टोपीवालीनं चमच्याला बोटं लावली. उचलला नाही. नुसता वाडग्याच्या कडेशी ओढत नेला. त्या दिवशी तेवढंच.

हॉल रिकामा झाला तशी सून समोर येऊन उभी राहिली. कालपासून सासू तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"आई, माफ करा मला."

मोठीआई बधिर हात चोळत राहिली.

"मी काय करायचं होतं?" सुनेचा आवाज चढला. "तुम्ही शवागार म्हणालात. पहिल्याच दिवशी! ते तसंच सांगितलं असतं तर संध्याकाळच्या विमानानं परत पाठवलं असतं आपल्याला. म्हणून सांगितलं, सासू आजारी आहे. त्या म्हणाल्या, तुझ्या सासूला सांग हात लावू नको. ते तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग भांडले असते."

"तेच! आणि ते भांडण माझ्या तोंडून! तुमच्या शिव्या मी द्यायच्या, त्यांच्या मी खायच्या. घरी तरी दुसरं काय करते मी? तुम्ही धाकट्या काकूंना म्हणता, आली का फुकटचा चहा प्यायला. मी त्यांना सांगते, आई तुमची आठवण काढत होत्या. हे म्हणतात, आईची कटकट ऐकायला नको म्हणून उशिरा येतो. मी तुम्हाला सांगते, ऑफिसात काम फार आहे. लग्न झाल्यापासून दुभाषीच आहे मी, आई. त्या घरात कुणी कुणाशी सरळ बोललंय का कधी?"

"कटकट म्हणतो तो?"

"रोज."

 बाहेर वखारीत करवत चालू झाली, बंद पडली. तिनं समोरचा गार वाडगा बाजूला सारला आणि सुनेकडे पाहिलं. सून आता हसत नव्हती, रडतही नव्हती. उभी होती.

"बस खाली," मोठीआई म्हणाली. "मान वर करून ऐक. माझा जो दोष आहे तो मी देवापुढं मांडीन. या डोळ्यांनी त्या म्हातारीचा हात पडलेला मी बघितला आणि मला माझंच कौतुक वाटत राहिलं. तो दोष तुझ्या पदरात टाकायची मला गरज नाही. तुझा आहे तेवढाच तुला सांगते. तू मला घाबरलीस, त्याचं काही नाही. मला पुष्कळ घाबरतात. पण तू तिला सांगितलंस मी मरतेय, मला सांगितलंस ती खूश आहे, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात दाबत बसलो. तोवर त्या तिसरीचा हात गेला. काल आम्ही भांडलो तर उभ्या उभ्या काम मार्गी लागलं. हेच भांडण पहिल्या दिवशी झालं असतं, तर आज ती भाचीच्या घरी सांडत सांडत का होईना, जेवत असती. ते भांडण माझं होतं. तू ते माझ्या परवानगीवाचून गिळलंस आणि वर मला सांगितलंस की शांतता आहे. माझ्या कडू बोलण्यानं लोकांची झोप उडाली असेल, पण कुणाचं घर गेलेलं मला माहीत नाही. तुझ्या गोड बोलण्यानं एकीचं गेलं. म्हणून सांगते, लोक तुला सोशिक म्हणतात, मी म्हणत नाही. तू लबाड आहेस, आणि भीतीपोटी लबाड आहेस, हे त्याहून वाईट. आजपासून माझं बोलणं पोचवायचं नाहीस, ना इथं, ना घरी. माझ्या मुलाला माझी कटकट होते ना, त्यानं यावं आणि माझ्यासमोर उभं राहून म्हणावं. आणि तुला माझ्याबद्दल जे म्हणायचंय, ते माझ्या तोंडावर म्हण. मी ओरडेन. ओरडू दे. तू थांबू नकोस."